मी पाहिलेला तिसरा

बत्तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. नाशिक-सटाणा, नाशिक-सिन्नर, मधे तीन वर्षं पेठची गाडी. या नोकरीनं मला दोन गोष्टी कायमच्या दिल्या, दुखरे गुडघे आणि माणसांवरचा अविश्वास. सात वर्षांच्या घोड्याला मांडीवर घेऊन "अजून पाच पुरी नाय झाली भाऊ" म्हणणाऱ्या आया मी रोज पाहिल्या. विनातिकीट माणूस शोधायची माझी स्वतःची रीत होती. गाडीत नजर फिरवायची आणि जो आपल्याकडे बघायचं टाळतो त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं. दहात नऊ वेळा सापडायचा. दहाव्याकडे तिकीट निघायचं, मग मी त्यालाच झापायचो, "मग आधी दाखवायला काय झालं होतं?" एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही अशी डेपोत माझी ख्याती होती आणि मला तिचा माज होता. खोटं कशाला बोलू?

माझा धाकटा भाऊ नाशिक रोडला पिठाची गिरणी चालवायचा. रिटायर झाल्यावर मी रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचो. तो दळायचा, मी डब्यांवर लक्ष ठेवायचो आणि गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायचो. त्या दिवशी सहा वाजत आले होते, चांगला उजेड होता. एका मोटरसायकलवर तिघं जण आले. हल्ली आमच्या शहरात हे एक खूळ निघालंय. हातात कोयता घ्यायचा, गल्लीत शिरायचं आणि उभ्या गाड्यांच्या काचा फोडत जायचं. कशासाठी, तर लोकांनी घाबरावं म्हणून. त्यांनी समोरच्या दोन गाड्या फोडल्या आणि गिरणीपुढं लावलेल्या एका बाईच्या स्कूटरकडं वळले. भाऊ ओट्यावरून खाली उतरला आणि म्हणाला, "ए, अरे काय करता? बाईमाणसाची गाडी आहे ती." एवढंच. एकानं कोयता मानेवर घातला. मी उठेपर्यंत सगळं झालं होतं.

पोलिसांनी विचारलं, पूर्ववैमनस्य? मी म्हणालो, नाही. देण्याघेण्यावरून काही? नाही. आधी कधी भांडण? नाही हो साहेब, नाही. तो हवालदार वैतागला. त्याच्या फॉर्मात कारणासाठी मोकळी जागा होती आणि आमच्याकडे भरायला काही नव्हतं. पुढं भावजय मला म्हणाली, "दादा, कुणाशी वैर असतं तर बरं झालं असतं. शिव्या द्यायला तरी कायतरी राहिलं असतं."

आम्ही भावाला रिक्षात घालून जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथं पोचल्यावर पाऊण तासानं तो गेला. माझा शर्ट रक्तानं कडक झाला होता आणि मी दारात उभा होतो. आत एक नर्स त्याच्याजवळ एकटीच होती, पन्नाशीची, काळीसावळी, गळ्यात बारीक क्रूस. ती त्याच्या हातावर वाकली होती, बोटाशी काहीतरी ओढत होती. मग तिचा हात तिच्या खिशाकडं गेला. दुसऱ्या दिवशी भावजयीनं विचारलं, त्याची अंगठी कुठं आहे? लग्नातली अंगठी, तिच्या वडिलांनी घातलेली. मी सरळ दवाखाना गाठला आणि काउंटरवर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुमच्या त्या सिस्टरनं माझ्या मेलेल्या भावाच्या बोटातली अंगठी काढून खिशात घातली. मी पाहिलं." त्यांनी तिला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. मला बरं वाटलं. तेवढ्या दिवसांत मला बरं वाटायला लावणारी ती एकच गोष्ट होती.

दहाव्याला आम्ही गोदावरीवर गेलो. पिंड ठेवला आणि कावळ्यांची वाट बघत बसलो. नदीवर कावळ्यांना तोटा नाही, शेजारच्यांच्या पिंडावर तर झुंबड होती. आमच्याकडं एकही फिरकेना. एक तास गेला, दीड तास गेला. गुरुजी दर्भाचा कावळा करायचं म्हणायला लागले. मग नेहमीप्रमाणं वचनं सुरू झाली. मामा म्हणाले, पोरीचं शिक्षण आम्ही करू. कावळा येईना. भावजय म्हणाली, गिरणी बंद पडू देणार नाय. येईना. शेवटी मी हात जोडून पुढं झालो आणि मोठ्यानं म्हणालो, "तिघांनाही ओळखीन. तिघांतल्या एकालाही सोडणार नाही." माझं वाक्य संपतंय तोच पिंपळावरून एक कावळा सुटला आणि पिंडाला चोच मारून गेला. बायका मोठ्यानं रडल्या. भावानं माझ्याकडून काय मागितलं ते मला कळलं, असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी जेलमध्ये ओळख परेड झाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका वयाची, एका अंगलटीची पोरं रांगेत उभी करतात, त्यात आरोपी मिसळलेले असतात, आणि नायब तहसीलदार आपल्याला विचारतात, यातले कोण? पहिल्या दोघांपाशी मी थांबलोसुद्धा नाही, सरळ बोट ठेवलं. ते चेहरे माझ्या डोळ्यांत रुतले होते. तिसऱ्यासाठी मी रांगेवरून नजर फिरवली. पाचव्या जागेवर एक पोरगा होता, एकोणीस-वीसचा, ओठावर फुटलेली मिसरूड. बाकी सगळे माझ्याकडं बघत होते. तो खाली बघत होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "हा. मोटरसायकल हा चालवत होता. मी पाहिलं." बाहेर आल्यावर फौजदारांनी माझी पाठ थोपटली. काका, असे साक्षीदार मिळत नाहीत, म्हणाले. तिसऱ्याविरुद्ध त्यांच्याकडं दुसरं फारसं काही नव्हतं. तो त्या दोघांच्या आळीतला होता, त्यांच्यासोबत फिरायचा, एवढंच.

महिना-दीड महिन्यानं पोलीस स्टेशनला काही कामासाठी गेलो होतो. जप्त केलेल्या वस्तूंची यादी हवालदार वाचत होता. रक्ताळलेला शर्ट एक. पाकीट एक. पिवळ्या धातूची अंगठी एक.

मी म्हणालो, काय? परत वाचा.

दवाखान्यातल्या सिस्टरनं त्याच दिवशी काढून पाकिटात घालून पोलिसांच्या हवाली केली होती, खाली तिची सही होती. बोट सुजायला लागलं होतं, नंतर कापावी लागली असती, म्हणून साबण लावून काढली, असं तिनं लिहून दिलं होतं. आणि खिशात गेलेला तो हात? पट्टी कापायची कात्री काढायला गेला होता, दवाखान्यात नंतर कळलं. मी खिशात अंगठी जाताना पाहिलीच नव्हती. मी हात पाहिला होता, अंगठी माझ्या डोक्यात होती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मी पेढ्यांचा पुडा घेऊन माफी मागायला गेलो. तिला परत कामावर घेतलं होतं. तिनं पुड्याकडं बघितलं. "पेढे? काय आनंदाची बातमी आहे का?" कसंबसं म्हणालो, "चूक झाली सिस्टर. माफ करा." मला वाटलं होतं, ही ख्रिश्चन माणसं, गळ्यात क्रूस, लगेच डोक्यावर हात ठेवून देव तुमचं भलं करो म्हणतील. ती म्हणाली, "पोलिसांकडून कागद येईपर्यंत एकवीस दिवस मी घरी बसले. माझा मुलगा मला विचारत होता, आई, तू खरंच घेतली नाहीस ना? माफ तर मला करावंच लागेल, त्यातून सुटका नाही. पण आज नाही. आज मला तुमचं तोंड बघवत नाही."

"मग कधी?"

"प्रार्थनेत मागते आहे. रविवारपर्यंत बघू."

दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. पण माझा स्वभाव! मला वाटलं, ही नाटकं आहेत. खरंच प्रार्थनेत असलं काही मागतात का, की नुसतं तोंडदेखलं? रविवारी मी पत्ता काढून गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नाशिक रोडलाच, एका रो-हाउसच्या वरच्या मजल्यावर त्यांची मंडळी जमायची. तीसेक माणसं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक ढोलकी, एक पेटी. मी कपाळावर गंध लावूनच गेलो होतो, रोज लावतो. दारातच दोघांनी अडवलं. कोण तुम्ही? कुणी पाठवलं? कुठल्या संघटनेचे? एकानं तर आधार कार्ड मागितलं. मी मनात म्हटलं, वा! आयुष्यभर मी लोकांचे पास तपासले, आता हे माझा तपासतात. नंतर कळलं, आदल्या महिन्यात कुणीतरी तक्रार केली होती की इथं लोकांना बाटवतात, आणि दोनदा चौकशी येऊन गेली होती. त्यांना मी खबऱ्या वाटलो. पाळकसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, मला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि माझ्या शेजारी एक म्हातारबुवा. पुढचे दहा-अकरा रविवार ते बुवा माझ्या शेजारून हलले नाहीत. मी उठलो की उठायचे. संडासाला गेलो तर बाहेर उभे. माझ्यावर पाळत होती आणि मला तिचा राग नव्हता, उलट तेवढी एकच गोष्ट तिथं मला ओळखीची होती.

बाकी सगळ्याचा मला संशय होता. गाणी म्हणताना डोळे मिटतात, खरंच मिटतात की किलकिले ठेवतात ते मी बघायचो. सगळी माणसं मिळून दर रविवारी पापांची कबुली म्हणायची. विचारानं चुकलो, बोलण्यानं चुकलो, वागण्यानं चुकलो. मला हसू यायचं. दर आठवड्याला तेच पाप आणि तीच कबुली, किती सोपं! पण घरी आल्यावर जेवताना मला तो प्रसंग सोडेना. बत्तीस वर्षांत, डेपोत, घरात, भावकीत, मी कुणाच्या तोंडून "माझं चुकलं" हे मोठ्यानं ऐकलं नव्हतं. मीही म्हणालो नव्हतो, पेढ्यांच्या पुड्याआधी. आमच्याकडं चूक निघाली की ती कुणाची ते ठरवायला चार माणसं बसवतात.

पाळकांना मी एकदा सरळच विचारलं. "माझा भाऊ का मेला?" तोपर्यंत मला उत्तरं काही कमी मिळाली नव्हती. कुणी म्हणालं गिरणीचं तोंड दक्षिणेला, कुणी पितृदोष, कुणी म्हणालं त्याची तेवढीच लिहिलेली. तेरड्याचा रंग तीन दिवस, ती माणसं येऊन बोलून गेली, नंतर फिरकली नाहीत. पाळक म्हणाले, "मला माहीत नाही." मी चिडलो. "मग एवढं शिकलात कशाला?" ते म्हणाले, "येशूला मारलं त्यालाही धड कारण नव्हतं. त्याच्या आईला काय सांगणार होतो मी?" एवढं बोलून ते खुर्च्या रचायला लागले. मीही दोन-चार रचल्या.

अकराव्या रविवारी प्रार्थना संपल्यावर ती सिस्टर माझ्यासमोर आली. अकरा रविवार ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. म्हणाली, "आज जमलं." मी विचारलं, म्हणजे माफ केलं? "केलं. उद्या परत राग येईल. मग परत करावं लागेल." आणि चपला घालून निघून गेली. मी त्या जिन्यात बसून रडलो. भावाच्या वेळी असा रडलो नव्हतो. शेजारचे म्हातारबुवा माझ्या पाठीवर हात ठेवून बसले. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्यावरची पाळत उठवली, आणि मी मागं बसणं सोडलं.

लोक विचारतात, बाप्तिस्मा घेतला का? घेतलेला नाही अजून. पण त्या जिन्यात मला एक गोष्ट पटली ती आजवर सुटलेली नाही. ज्याच्याजवळ ही बाई अकरा आठवडे माझ्यासाठी भांडत होती तो आहे. तो नसता तर ती मला कधीच माफ करती ना. मी तिला ओळखतो, ती फार तापट आहे. हा माझा सगळा पुरावा. कुणाला कमी वाटला तर वाटो.

खरा घोळ यानंतर झाला.

गुड फ्रायडेच्या आधीचे दिवस होते. मंडळीत येशूच्या खटल्याची हकिकत वाचत होते. त्याच्याविरुद्ध बोलायला कितीतरी साक्षीदार उभे राहिले आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना. मी खुर्चीत चुळबुळ करायला लागलो. बाहेर पडलो तो सरळ गिरणीवर गेलो. आता गिरणी भावजय चालवायची, दिवसभर पट्ट्याच्या आवाजात उभी राहायची. मी माझ्या जुन्या खुर्चीवर बसलो. पंधरा मिनिटांत रस्त्यापलीकडून कुणीतरी हाक मारली, "काय कंडक्टर!" कोण ते मला कळेना. डोळे बारीक केले तरी नुसता एक पांढरा शर्ट. मी चष्मा काढून बघितला, काचांवर पिठाचा थर. गिरणीत बसलं की तो बसतोच, म्हणून तर मी तिथं नेहमी चष्म्यावरून बघतो. जवळचं मला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. लांबचं नाही.

त्या दिवशी ते दोघं ओट्यापाशी आले होते, हाताच्या अंतरावर. मोटरसायकल रस्त्यापलीकडं चालू ठेवून तिसरा बसला होता.

मला तो दिसला नव्हता. मी त्या पोराला रांगेत कसा ओळखला? तो माझ्याकडं बघायचं टाळत होता म्हणून. विनातिकीटवाल्यासारखा. तो गुन्हेगार असेलही! नऊ वेळा असतातच. पण तो दहावा असला तर? तो जेलमध्ये जाऊन दीड वर्ष होत आलं होतं.

मी पाळकांकडं गेलो. ते घाबरले. दार लावून घेतलं आणि हात जोडले. "कोर्टात काय बोलायचं ते मी सांगणार नाही. उद्या म्हणतील, ख्रिश्चनांनी साक्षीदार फोडला. कृपा करून आमचं नावसुद्धा काढू नका." सिस्टरला विचारलं तर ती फणकारली, "मला कशाला विचारता? माझ्या वेळी कुणाला विचारलं होतं?" बायको म्हणाली, "अहो, तुमचं डोकं फिरलंय. रविवारचं तिकडं जाणं बंद करा." सगळे एकमेकांकडं संशयानं बघत होते आणि मी सगळ्यांकडं.

शेवटी भावजयीला सांगणं भाग होतं. खटला आठवड्यावर आला होता. तिनं पट्टा बंद केला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, नदीवर तुम्ही तिघं म्हणाले आन् कावळा शिवला. मी डोळ्यानं बघितलं. तो कावळा खोटा होता का?"

तो खोटा होता असं मला आजही म्हणवत नाही. मी म्हणालो, "कावळ्यानं चेहरा नाही सांगितला ना."

"तुम्ही त्या लोकांत जायला लागले आन् मग तुम्हाला दिसायचं बंद झालं. लोक काय म्हणतील ठाऊक हाय ना? आन् वकील म्हणला, एक जण सुटला तर बाकीचेबी सुटायला बघतील. तिघंबी सुटले तर?" तिनं रस्त्याकडं हात केला. "मग माझ्या दाराशी येऊन उभे राहतील. पोरगी कॉलेजातून एकटी येते माझी."

मी त्या आठवड्यात धड जेवलो नाही. देवाला म्हणालो, मला तो पोरगा आठवू दे, खरंच आठवू दे, म्हणजे मी सुटतो. रोज डोळे मिटून रस्त्यापलीकडं बघायचो. मोटरसायकल दिसायची, तिच्यावर एक अंग दिसायचं आणि वर काहीच नसायचं.

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपी नंबर एक? मी बोट दाखवलं. नंबर दोन? दाखवलं. नंबर तीन? पोरगा बारीक झाला होता. या वेळी तो माझ्याकडंच बघत होता. मी म्हणालो, "याला मी पाहिलेलं नाही. गाडी लांब होती आणि माझ्या चष्म्यावर पीठ होतं. परेडमध्ये मी याला खाली बघत होता म्हणून निवडला. माझी चूक झाली." सरकारी वकिलांचा चेहरा उतरला. त्यांनी जज्जसाहेबांकडं परवानगी मागितली आणि मला फितूर ठरवलं. कायद्याच्या भाषेत तसंच म्हणतात. फितूर. माझ्या बापानं हा शब्द ऐकला असता तर त्यानं जीव दिला असता. मग त्यांनी तासभर मला सोललं. कुणी पैसे दिले? कुणी धमकावलं? धर्म बदलला हे खरं का? त्यानंतर आरोपींचा वकील पुढं आला, गोड हसून म्हणाला, "काका, पिठाच्या चष्म्यातून मग हे दोघं तरी कसे दिसले?" मी सांगितलं, ते हाताच्या अंतरावर होते, मी चष्म्यावरून बघत होतो, एकाच्या भुवईतून गेलेला व्रण मला आत्ताही सांगता येईल. सांगितला. पोराच्या केसाखाली तो निघाला. वकील खाली बसला.

बाहेर त्या तिसऱ्याची आई माझ्या पाया पडायला आली. मी पाय मागं घेतले. "बाजूला हो बाई. तुझ्या पोरासाठी नाही बोललो मी." पोलीस पोराला घेऊन चालले होते. जाताना तो मागं वळून मला बघून हसला. कसलं हसू होतं ते मला कळलं नाही. सुटण्याचा आनंद होता, की म्हाताऱ्याला कसा बनवला असं होतं? त्या हसण्याचा मी अजून विचार करतो. गुन्हेगाराला सोडवलं असेन तर ते माझ्या डोक्यावर आहे, आणि येशू वगैरे कुणी ते माझ्या डोक्यावरून उचललेलं नाही.

भावजय कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली होती. माझ्याशी बोलणार नाही असंच मी धरून होतो. दोन हात अंतर ठेवून बसलो. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती.

"दादा, एक सांगू? दीड वरीस मला वाटत होतं, तुम्ही कायच पाहिलं नाय. तुम्ही आतल्या बाजूला दडून बसले असाल, आन् आता भावासाठी म्हणून सगळं रचून सांगता. मी कुणाला बोलले नाय. पन मनात होतं."

मग ती भिंतीकडंच बघत पुढं म्हणाली,

"आज तुम्ही तिसऱ्याला नाय म्हणाले, तव्हा मला पटलं, त्या दोघांना तुम्ही खरंच पाहिलं."

"पाहिलं."

"हाताच्या अंतरावर."

"हो."

आता ती माझ्याकडं वळली. "मग उठले का नाय?"

ओट्यावरून तो उतरला तेव्हापासून कोयता खाली येईपर्यंत किती वेळ गेला, ते मी दीड वर्षात पोलिसांना, वकिलांना, बायकोला, कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. वेळ होता. खुर्चीवरून उठून दोन पावलं टाकण्याइतका वेळ होता. गुडघ्यांचं कारण माझ्या जिभेवर तयार होतं.

"घाबरलो," मी म्हणालो. "कोयता दिसला आणि मी खुर्ची घट्ट धरली."

ती उठून जाईल असं मला वाटलं. ती उठली नाही. पदर तोंडाला लावून तिथंच बसून राहिली, आणि मी तिच्या शेजारी.